कुमुदताईंचं नको

कुमुदताईंची नि माझी ओळख झाली तेव्हा मी बुडत होतो. खोटं नाही सांगत. अंगात स्वयंपाकघरातला पांढरा एप्रन, पायात गमबूट, आणि तोंडानं "आई गं, मेलो गं" चाललेलं.

झालं असं. बायको माझी नर्स. ती जर्मनीत केम्प्टनजवळच्या एका हॉस्पिटलात लागली आणि मागोमाग मी आलो, भरलेल्या बॅगेला वरून बांधलेल्या छत्रीसारखा. लग्नात तिच्याकडं डिग्री होती, माझ्याकडं मिशा. मी तासगावकडचा, नववी नापास, तिकडं टेम्पो चालवायचो. इथल्या भाषेच्या परीक्षेत दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा काठावर निघालो. मग दोन हजार पंधराच्या जूनमध्ये कामाच्या ऑफिसनं मला एका कॅम्पावर भांडी घासायला पाठवलं. कसला कॅम्प, तर उन्हाळ्यातल्या स्कीइंगचा. उन्हाळ्यात ह्यांना बर्फ कुठनं मिळतो, हे मी विचारलं नाही. विचारायला जेवढं जर्मन लागतं तेवढं माझ्याकडं नव्हतं.

बर्फ नव्हताच. डोंगराच्या उतारावर प्लॅस्टिकच्या ब्रशासारख्या चटया ठोकलेल्या, त्यावर पाण्याचे फवारे. पोरं पायाला स्की बांधून त्यावरनं सूं करून खाली येणार, टोकाला उडणार, हवेत दोन-तीन कोलांट्या घेणार आणि खालच्या तळ्यात धप्पकन पडणार. हिवाळ्यात बर्फावर करायच्या त्या उड्या उन्हाळ्यात पाण्यावर शिकायच्या, म्हणजे हाडं शाबूत राहतात. हे मला आता माहीत आहे. त्या पहिल्या दिवशी मी भांड्यांचा टब घेऊन बाहेर आलो आणि बघतो तर एक पोरगी डोंगरावरनं घसरली, हवेत उलटी झाली आणि पाण्यात गेली. बाकीची माणसं नुसती बघत उभी. म्हटलं, काय निर्दयी लोक आहेत. टब टाकला आणि मारली उडी.

मी विहिरीत पोहलेला माणूस. पण त्या तळ्यात पडणाऱ्याला लागू नये म्हणून तळातनं हवा सोडतात. सगळं पाणी सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं आणि तसल्या पाण्यात माणूस धड तरंगत नाही. पोरांच्या अंगात फुगीर जाकिटं असतात, माझ्या अंगात एप्रन. जिला वाचवायला गेलो ती पोरगी काठावर बसून स्की काढत माझ्याकडं बघत होती.

कुणीतरी आकड्याची लांब काठी पुढं केली. धरली. काठीच्या दुसऱ्या टोकाला साठी ओलांडलेली, ठेंगणी, सावळी बाई. हाफ पँट, गळ्यात शिट्टी. मी काठावर आडवा पडलो, नाकातोंडातनं पाणी, आणि ती बाई म्हणाली, "कुठला रे तू?"

"तासगाव."

"मी मिरजेची. ऊठ आता, पोरं खोळंबलीत."

अशा कुमुदताई. माहेरच्या माने. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला मिरजेहून जर्मनीत आल्या, त्या काळी विमानतळावर सोडायला अर्धी गल्ली आली होती म्हणे. इथं पाय मोडलेला एक स्कीचा मास्तर वॉर्डात आला, टोनी नावाचा, त्याच्याशी लग्न झालं. त्यानं गावाबाहेरच्या उतारावर हा कॅम्प काढला. मी आलो तेव्हा कॅम्पाला एकतीस वर्षं झालेली आणि टोनीला जाऊन अकरा. ताईंनी आयुष्यात पायाला स्की बांधली नव्हती. बर्फ बघितला की त्यांचे गुडघे दुखायचे. पण पोरं, मास्तर, गावातला पाववाला, सगळे त्यांना 'कुमी' म्हणायचे आणि कॅम्प म्हणजे कुमी असं धरून चालायचे.

त्यांची मराठी जिथं देश सोडला तिथंच थांबलेली. मोबाईलवर बहिणीशी बोलायचं असलं की म्हणायच्या, मिरजेला ट्रंककॉल लावते. रागावल्या की "मेल्या" म्हणायच्या, आणि जर्मन पोरांनाही मेल्याच म्हणायच्या. पोरं म्हणायची, "या, कुमी," म्हणजे हो कुमी, आणि कामाला लागायची.

त्यांचं काम म्हणजे खुर्ची. तळ्याच्या काठाला एक लाकडी खुर्ची, सकाळी आठपासनं संध्याकाळी शेवटचं पोरगं बाहेर येईपर्यंत त्या तिच्यावर. पोरगं पाण्यात गेलं की ओठ मिटायचे. डोकं वर आलं की म्हणायच्या, "आला." किंवा "आली." मग दुसरं पोरगं. दिवसात शेकडो उड्या, शेकडो वेळा आला-आली. दोन मीटर उंचीचा मार्कुस म्हणून मुख्य ट्रेनर होता, तोही सवयीनं "आला" म्हणायचा. पोरांना वाटायचं हा स्कीइंगमधलाच कुठलातरी शब्द आहे.

खुर्ची कुठनं आली, तेही त्यांनीच एकदा सांगितलं. टोनीच्या काळात एका मुलीच्या जाकिटाचा पट्टा पाण्याखालच्या नळीत अडकला. टोनी वरती कुणाला तरी शिव्या घालत होता, कुणाचं लक्ष नव्हतं. ताई स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. खिडकीतनं त्यांना दिसलं की लाल हेल्मेट खाली गेलं आणि वर आलं नाही. सुरी हातात तशीच घेऊन पाण्यात गेल्या आणि पट्टा कापला. मुलगी वाचली. त्या संध्याकाळी टोनी म्हणाला, कुमी, उद्यापासून तूच बस तिथं, तुझी नजर चांगली आहे. आणि त्या बसल्या.

"मी काय म्हटलं माहीत आहे?" मला म्हणाल्या. "म्हटलं, बरं."

बाकी सगळ्या गोष्टींना त्यांचं एक उत्तर होतं: सप्टेंबरात बघू. चष्म्याचा नंबर वाढला, सप्टेंबरात बघू. मिरजेच्या बहिणीचं ऑपरेशन झालं, सप्टेंबरात जाऊ. आणि सप्टेंबर आला की चटया उपटायच्या, धुवायच्या, पुढच्या वर्षाची पत्रं पाठवायची, पंप खोलायचा. त्यांचा सप्टेंबर कधी आलाच नाही.

जुलैत त्यांचा गाल सुजून लाडवाएवढा झाला. मी म्हटलं, ताई, दात दाखवा. म्हणाल्या, "दात काय, दोन बाजूंना असतात." तीन वर्षं एकाच बाजूनं जेवत होत्या. मी मोठा शहाणा, मार्कुसला खुर्चीवर बसवलं आणि ताईंना कॅम्पाच्या गाडीत घालून डॉक्टरकडं निघालो. वाटेत त्यांनी मार्कुसला चारदा फोन केला. पाचव्या वेळी त्यानं उचलला नाही. मला म्हणाल्या, थांबव. मी सांगायला लागलो की तो आंघोळीला गेला असेल, त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. ब्रेक मारेपर्यंत उतरल्याच. वळणावळणाच्या रस्त्यानं तीन किलोमीटर परत चालत गेल्या, सुजलेल्या गालाला हात लावून. आणि मी मागनं गाडी पहिल्या गिअरमध्ये घेऊन, जशी वरातीमागनं घोड्याची गाडी. पोचलो तर मार्कुस खुर्चीवर बसून केळं खात होता. "आला, आली" त्याचं व्यवस्थित चाललेलं. फोन मधेच काढून ठेवलेल्या जाकिटात राहिला होता. ताईंनी त्याला उठवलं आणि बसल्या.

आता एका कागदाचं सांगतो. मे महिन्यातच तपासणीच्या ऑफिसातनं पत्र आलं होतं की उताराच्या टोकाखालचे लाकडी खांब कुजलेत, बदलले नाहीत तर पुढच्या वर्षी परवानगी नाही. ताईंनी ते पत्र फ्रिजवर लोहचुंबकानं लावलेलं. रोज सकाळी कॉफी करताना देवाच्या फोटोपुढं उभं राहावं तशा त्यापुढं उभ्या राहायच्या. मला वाटायचं, किती वाईट वाटत असेल बिचारीला.

एके दिवशी पाऊस होता, उड्या बंद, म्हणून त्या माझ्याबरोबर बटाटे सोलायला बसल्या. म्हणाल्या, "पोपट, हा शेवटचा उन्हाळा."

मी म्हटलं, असं नका बोलू ताई.

"अरे ऐक. टोनी जाताना हात धरून म्हणाला, कॅम्प बंद पडू देऊ नकोस. मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं. आता मी बंद करत नाही, सरकार करतंय. माझ्याच्यानं शब्द मोडला नाही." मग बटाटा हातात फिरवत म्हणाल्या, हॅम्बर्गला गेर्डा आहे, त्यांच्याबरोबर शिकायला होती ती. तिच्याच बिल्डिंगमध्ये एक खोली रिकामी होतेय. "तिथं सपाट आहे रे सगळं. कुणी कुठनं घसरत नाही."

ह्यापेक्षा सरळ कुणी काय सांगायचं? पण माझ्या डोक्यात काय शिरलं, तर बाईमाणूस दुःख लपवतंय. मी त्यांना हसवायला म्हणून सासुरवाडीतला एक किस्सा सांगितला. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि पुढचा बटाटा घेतला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दुपारी कॅम्पाचा समारोप होता. सगळ्या उन्हाळ्यातली पोरं आली, आईबाप आले, जुनी पोरं आली, ती आता स्वतःच टक्कल पडलेली. गवतावर बाकडी, केकचे डोंगर. सगळ्यांना पोपट माहीत, कारण सगळा उन्हाळा मी जेवण वाढताना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये माझीच फजिती सांगून लोकांना हसवत होतो. बुडायचा किस्सा तर मागून मागून ऐकायचे. ताई त्या दिवशी केस विंचरून, निळा झगा घालून बसल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांची पाठ तळ्याकडं होती. मला वाटलं, बघवत नाही त्यांना.

तेवढ्यात ब्रांडल नावाचे एक वकील उभे राहिले. त्यांची मुलगी तिथं उडी शिकत होती. म्हणाले, आम्ही सगळ्या पालकांनी मिळून गुपचूप ठरवलंय, कॅम्प बंद होणार नाही. इथं सात माणसं जमली की त्यांचा फेराइन होतो, म्हणजे आपलं मंडळ म्हणा. खांबांचं काम पालक स्वतः करणार, सुतार आहेत, गवंडी आहेत. आत्ताच स्थापना करू, फक्त अध्यक्ष हवा, आणि कुमीशिवाय दुसरं कोण?

टाळ्या. ताई बसल्या जागी हलल्या नाहीत. मग हसून म्हणाल्या, "नाइन, नाइन, दांके." नको, आभारी आहे. ब्रांडलनी पुन्हा विचारलं. ताई म्हणाल्या, खरंच नको, कुणी तरुण माणूस बघा.

आणि ब्रांडल खाली बसले. जर्मन माणूस आहे. दोनदा नको म्हटलं, विषय संपला. चेहरा पडला त्यांचा, पण काटा उचलून केक खायला लागले. मार्कुस बुटांकडं बघत होता, कॅम्प गेला की त्याची नोकरी जाणार होती. दोन मिनिटांत सगळं मिटलं होतं. मिटलं होतं हो. मी गप्प बसलो असतो तर.

पण ह्या लोकांना आपली रीत माहीत नाही म्हणून बाईचं नुकसान होतंय, असं मला वाटलं. मी ट्रे खाली ठेवला आणि उभा राहिलो. म्हटलं, आल्झो, म्हणजे तर, ऐका. आमच्याकडं पहिलं नको म्हणजे शिष्टाचार. दुसरं नको म्हणजे पण शिष्टाचार. मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, पुरणपोळीला दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा आग्रह झाला तेव्हा सात खाल्ल्या. इथं बायकोच्या साहेबिणीकडं जेवायला गेलो, दोनदा नको म्हटलं आणि उपाशी घरी आलो. तुम्ही तिसऱ्यांदा विचारा. आमची ताई आहे, मला माहीत आहे.

लोक हसून हसून आडवे. ब्रांडल टाळी वाजवत उठले, "गेनाऊ, पोपट," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले, आणि तिसऱ्यांदा विचारलं. पोरांनी ताल धरला: कु-मी, कु-मी. मार्कुस बुटांवरनं नजर उचलून त्यांच्याकडं बघायला लागला. ताईंनी त्याच्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी त्यांना मान हलवून खुणावलं, म्हणा, म्हणा.

"या," ताई म्हणाल्या. हो.

मार्कुसनं मला उचलून घेतलं. मी त्या दिवशी चार केक खाल्ले.

रविवारी ताई आल्या आणि घासलेलीच पातेली परत घासायला लागल्या. मी म्हटलं, काय ताई, खूश ना? त्यांनी नळ बंद केला.

"पोपट, एकतीस वर्षांत मला बाहेर पडायला एक दार सापडलं होतं. तू बाहेरून कडी घातलीस."

मला आधी वाटलं, मस्करी करतात. मग फ्रिजकडं बघितलं. पत्र तिथं नव्हतं. ब्रांडल खांबांचं बघतो म्हणून घेऊन गेले होते. आणि मला तो पावसाचा दिवस, बटाटे, हॅम्बर्ग, सपाट जमीन, सगळं एका झटक्यात आठवलं. मी म्हटलं, मग ताई, तिसऱ्यांदापण नको म्हणायचं.

"आलं नाही रे तोंडातनं. शंभर माणसं बघत होती." आणि म्हणाल्या, मंगळवारी ते कागदावर सही घ्यायला येणार आहेत, सही झाली की झालं. "तुझ्या तोंडानं घातलीस, तुझ्याच तोंडानं काढ."

दोन दिवस मी झोपेत जर्मन बोलत होतो, बायको म्हणते. मंगळवारी सकाळी ब्रांडल आले, मार्कुस, पोरांच्या दोन आया. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाईल उघडली. मी उभा राहिलो. म्हटलं, शनिवारी मी चुकीचं बोललो. ताईंचं नको म्हणजे नकोच होतं.

ब्रांडल हसले. मी म्हटलं, हसू नका, मी मूर्ख आहे. दोघी आया हसल्या. मी म्हटलं, मी खरंच मूर्ख आहे, मी भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झालोय, मला कळलं नाही. मार्कुस टेबलावर हात आपटून हसायला लागला. मी जेवढं मनापासून बोलायला जावं तेवढं त्यांना जास्त हसू. सगळा उन्हाळा ह्याच तोंडानं, ह्याच शब्दांत मी त्यांना हसवलं होतं, आता रडायला वेगळं तोंड कुठनं आणू? डोळ्यांत पाणी आलं माझ्या, तर एका बाईनं स्वतःचे डोळे पुसत मला रुमाल दिला. हसून हसून पाणी आलं होतं तिच्या. शेवटी मी खाली बसलो.

ब्रांडलनी पेन ताईंच्या पुढं धरलं. ताईंनी घेतलं. टोपण काढलं. मी बघत होतो, पेन कागदावर टेकलं, शाईचा ठिपका पडला, आणि हात तिथंच थांबला.

"मला नको आहे," ताई म्हणाल्या. जर्मनमध्येच, हळू. "मला कधीच नको होतं. टोनी होता तेव्हाही नाही. एवढी वर्षं मी तिथं बसले ते फक्त कुणाचं पोर मरू नये म्हणून. मला पोरं हवेत उडताना कधी दिसलीच नाहीत. मला फक्त पाणी दिसतं."

कुणी हसलं नाही. मार्कुसचं तोंड उघडं राहिलं. आया एकमेकींकडं बघायला लागल्या. ब्रांडलनी कागदावरच्या ठिपक्याकडं बघितलं, पेन घेतलं, टोपण लावलं.

"आख सो," म्हणाले. असं आहे होय. "मग आम्हाला कळणार तरी कसं, फ्राऊ कुमी. तुम्ही कधी बोलला नाहीत."

दुसरा अध्यक्ष व्हायला कुणी तयार नव्हतं. दहा मिनिटांत फाईल बंद, हस्तांदोलन, गाडी गेली. मार्कुस तेवढा मागं थांबला होता. ताईंपुढं उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबून गेला. पुढं त्याला ऑस्ट्रियात काम मिळालं, पण त्या दिवशी मिळालं नव्हतं.

ताई टेबलाशीच. "एवढंच होतं?" त्यांनी मला विचारलं. "एवढंच होतं का रे? एकतीस वर्षं?" मग टेबलाला धरून उठायला गेल्या आणि परत बसल्या. मला म्हणाल्या, पाणी दे. दिलं. ते हातात धरून बराच वेळ बसल्या, प्यायल्या नाहीत.

दीड वर्षानं बायकोचं काहीतरी ट्रेनिंग हॅम्बर्गला होतं, मी बॅगा उचलायला बरोबर. ताईंना फोन केला. म्हणाल्या, घरी नको येऊस, बंदराच्या धक्क्यावर ये, अकराच्या बोटीवर. तिथल्या बोटी म्हणजे आपली एसटी, महिन्याचा पास काढायचा आणि बसायचं. पावसाची भुरभुर. ताई वरच्या मजल्यावर बाकावर, डोक्यावर रेनकोटाची टोपी. थोड्या जाड झाल्या होत्या.

तुझी बायको बरी आहे का, भाषा जमली का, असं तेवढं विचारलं. मी विचारलं, ताई, दिवसभर काय करता?

"काही नाही."

म्हणजे कुठं मदतीला वगैरे?

"काही नाही करत. पलीकडं जाते, परत येते. कुणी विचारलं तर तसंच सांग."

आता माझ्या खिशात एका फोन नंबराची चिठ्ठी होती. हॅम्बर्गातल्या आपल्या मराठी आयटीवाल्यांशी माझी आदल्याच दिवशी ओळख झाली होती, त्यांना गणपतीच्या कमिटीवर कुणी अनुभवी वडीलधारं माणूस हवं होतं. आणि मी काय केलं असेल? मी सांगून बसलो होतो की आमच्या ताई आहेत, एकतीस वर्षं कॅम्प चालवलाय, उद्या ताईंचा नंबर देतो. हात खिशात गेला. "ताई, एक..." म्हटलं.

त्यांनी टोपी मागं सारून माझ्याकडं बघितलं. "काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

बोट धक्क्याला लागत होती. "तुझा थांबा आला," ताई म्हणाल्या. "उतर."

मी म्हटलं, तुम्ही? त्यांनी हातानंच पलीकडचा काठ दाखवला. मी खाली आलो, लोखंडी पट्टीवरनं धक्क्यावर उतरलो आणि वळून उभा राहिलो. बोट निघाली. वर त्यांची रेनकोटाची टोपी दिसत होती, तोंड पाण्याकडं. हात हलवतील म्हणून मी थांबलो. नाही हलवला. चिठ्ठी मी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. ओल्या कचऱ्याच्या डब्यात का सुक्याच्या, ते काही मला कळलं नाही.